डबल चार्ज टाइल्स : दोन वर्षांच्या वापरानंतर

घरभर डबल चार्ज व्हिट्रिफाइड टाइल्स (दोन थर एकत्र दाबून भाजलेल्या, काचेसारख्या घट्ट टाइल्स) बसवून दोन वर्षं झाली आणि मी त्यांच्यावर मनापासून खूश आहे. वरचा रंगाचा थर ३-४ मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे कपाट सरकवताना ओरखडा उठला तरी खालून वेगळा रंग डोकावत नाही. पाणी ०.५ टक्क्याहून कमी शोषतात. सांडलेलं तेल पुसलं की गेलं.

बजेट मात्र माझं चुकलं. टाइलचा दर गुणिले क्षेत्रफळ, एवढाच हिशोब केला. स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावायची पट्टी), अ‍ॅडहेसिव्ह, ग्राउट (सांधे भरायचा मसाला), जुनी फरशी फोडणं, राडारोडा उचलणं, मजुरी हे धरलंच नव्हतं. कापाकापीसाठी साधारण १० टक्के जादा माल लागतो, तिरक्या मांडणीला आणखी. मी मोजून घेतल्या आणि आठ कमी पडल्या. नंतर आणलेल्या खोक्यावर बॅच नंबर वेगळा निघाला. खिडकीतून ऊन आलं की त्या आठ टाइल्स अजूनही किंचित पिवळसर दिसतात. दर वेळी वाईट वाटतं.

बाथरूममध्ये या घालू नका. पॉलिश ओलं झालं की पाय सटकतो. आईसाठी तिथे मॅट अँटी-स्किड घेतल्या. दुकानात दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून धरा, मध्ये फट दिसली तर टाइल वाकलेली आहे.