आत्मवाचक क्रियापदांच्या सरावाचे स्पॅनिश ॲप: प्रत्यय पक्के, सर्वनाम मात्र आयते

या ॲपचा एक संपूर्ण विभाग वर्तमानकाळी सबजंक्टिव्हमधील (इच्छा, आशा, शंका अशा वाक्यांत येणाऱ्या क्रियापद-रूपांतील) आत्मवाचक क्रियापदांना, म्हणजे 'मे', 'ते', 'से' असे कर्त्याकडेच वळणारे सर्वनाम सोबत घेणाऱ्या क्रियापदांना, दिलेला आहे आणि हा अभिप्राय तेवढ्याच विभागापुरता आहे. सुरुवात नेहमीप्रमाणे 'लेवान्तार्से'पासून, म्हणजे उठण्यापासून होते: मे लेवान्ते, ते लेवान्तेस, से लेवान्ते, नोस लेवान्तेमोस, ओस लेवान्तेइस, से लेवान्तेन. '-आर'च्या क्रियापदांना 'ए' आणि '-एर', '-इर'च्या क्रियापदांना 'आ' ही स्वरांची अदलाबदल इथे फार न रेंगाळता उरकली आहे, ते योग्यच आहे.

ॲपचे खरे बळ मूळ बदलणाऱ्या क्रियापदांत दिसते. 'आकोस्तार्से'चे 'मे आकुएस्ते' होते, पण 'आम्ही'च्या रूपात मूळ जसेच्या तसे राहून 'नोस आकोस्तेमोस' होते. 'दोर्मिर्से'चे मात्र 'मे दुएर्मा' आणि 'नोस दुर्मामोस', म्हणजे '-इर' गटात 'आम्ही'च्या रूपालाही वेगळा बदल सोसावा लागतो. हे दोन गट एकाच तक्त्यात कोंबण्याचा मोह अनेक पाठ्यपुस्तकांना आवरत नाही. इथे ते वेगळे शिकवून मगच एकत्र विचारले आहेत. त्याहून चांगली निवड 'सेन्तार्से' (बसणे) आणि 'सेन्तिर्से' (वाटणे) या जोडीची आहे. साध्या वर्तमानकाळात 'से सिएन्ता' म्हणजे तो बसतो आणि 'से सिएन्ते' म्हणजे त्याला वाटते. सबजंक्टिव्हमध्ये हीच दोन रूपे नेमकी उलट होतात. त्यामुळे 'एस्पेरो के से सिएन्ता मेहोर' या वाक्यात बरे वाटण्याची आशा आहे, बसण्याचा काही संबंध नाही. अशी वाक्ये ॲप पुनःपुन्हा समोर आणते आणि प्रत्येक वेळी थांबून विचार करायला लावते.

तक्रार आहे ती सर्वनामाबद्दल, आणि ती लहान नाही. रिकाम्या जागेच्या आधी 'मे', 'ते', 'नोस' आयतेच लिहिलेले असते. आपण फक्त क्रियापद भरायचे. 'किएरो के ते लेवान्तेस' या वाक्यात इच्छा माझी असते आणि उठायचे तुला असते, म्हणून नवशिक्याच्या तोंडून 'ते'ऐवजी 'मे' निसटते. ही चूक होऊ शकेल अशी जागाच ॲपने ठेवलेली नाही. आत्मवाचक क्रियापदांचा विभाग काढून त्यातले आत्मवाचक सर्वनामच विद्यार्थ्याच्या हातून काढून घेणे मला अनाकलनीय वाटते. दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल तर सबजंक्टिव्ह न वापरता 'किएरो लेवान्तार्मे' (मला उठायचे आहे) म्हणायचे असते, आणि तिथेही सर्वनाम बदलावेच लागते. याचा तर एकही प्रश्न नाही.

'ओस'ची, म्हणजे स्पेनमधील अनौपचारिक 'तुम्ही'ची रूपे बंद ठेवण्याची सोय आहे, जी लॅटिन अमेरिकेतील स्पॅनिश शिकणाऱ्यांना उपयोगी पडेल, कारण तिथे 'उस्तेदेस' चालते. पण ती चालू ठेवली, तर 'लेवान्तेइस'वरील आघातचिन्ह गाळलेले उत्तरही बरोबर धरले जाते, आणि पैसे घेऊन दिलेल्या ॲपमध्ये एवढी ढिलाई नको.

आज्ञार्थाचा धडाही अपुरा आहे. 'नो ते लेवान्तेस' हे नकारार्थी रूप सबजंक्टिव्हचेच असल्याने ते दिले आहे. पण होकारार्थी 'लेवान्ताते'मध्ये सर्वनाम मागे जाऊन क्रियापदाला चिकटते, हे शेजारी दाखवलेले नाही. रूपे डोक्यात बसलेली नसतील, तर ॲप घ्यावे; ती येत असून बोलताना सर्वनाम चुकत असेल, तर सध्याच्या आवृत्तीवर खर्च करू नये.