‘हेवी मेटल’चे जुने अंक : कोणते घ्यावेत, कोणते सोडावेत

मुंबईत पदपथावर जुनी पुस्तके विकणाऱ्या एका गृहस्थांकडून गेल्या वर्षी मी ‘हेवी मेटल’ या अमेरिकी चित्रकथा-मासिकाचे अकरा अंक एकगठ्ठा घेतले. घरी येऊन चाळले, तेव्हा त्यांतल्या तीन अंकांची काही पाने ब्लेडने पिनांलगत कापून नेलेली आढळली. ती कोणती असतील, हे वेगळे सांगायला नको. चिडचिड झाली खरी. पण या मासिकातल्या स्त्रियांच्या चित्रणावर जी टीका पुढे अनेक वर्षे होत राहिली, तिची एक प्रत त्या अनामिक वाचकाने माझ्या हातात आयतीच ठेवली होती, असेही वाटले.

मासिकाचे मूळ फ्रेंच आहे. मोबियस या नावाने चित्रे काढणारे झाँ जिरो, फिलिप द्रुइये, लेखक-पत्रकार झाँ-पियेर दिओने आणि हिशेब सांभाळणारे बर्नार फार्कास या चौघांनी १९७४च्या अखेरीस पॅरिसमध्ये संस्था काढली आणि १९७५च्या आरंभी ‘मेताल युर्लां’ म्हणजे ‘किंचाळणारा धातू’ हे नियतकालिक सुरू केले. ‘नॅशनल लॅम्पून’ या अमेरिकी विनोदी मासिकाचे प्रकाशक लिओनार्ड मोगेल यांनी ते पाहून अमेरिकेसाठी हक्क घेतले आणि एप्रिल १९७७मध्ये ‘हेवी मेटल’चा पहिला अंक निघाला. तिथल्या कॉमिक्सवर १९५४पासून आचारसंहितेचा लगाम होता; हे मात्र ‘मासिक’ म्हणून, प्रौढांसाठी, गुळगुळीत कागदावर आणि रंगीत छापले जात असल्याने त्या लगामाबाहेर राहिले.

पहिल्या वर्षीच्या अंकांतली मोबियसची ‘आर्झाक’ ही मालिका आजही पाहताना हात थबकतो. तिच्यात एकही संवाद नाही. उंच टोपी घातलेला एक स्वार अजस्र, प्रागैतिहासिक वाटणाऱ्या पक्ष्यावर बसून ओसाड प्रदेशावरून जातो, आणि खडकाच्या प्रत्येक भेगेत इतक्या बारीक रेघा भरलेल्या असतात की पान उलटायला पाच मिनिटे लागावीत. नायकाच्या नावाचे स्पेलिंगसुद्धा दर कथेला वेगळे! ‘द एअरटाइट गॅराज’ तर त्यांनी दर खेपेस दोनचार पाने, पुढचे काहीही न ठरवता, रचत नेले. गोष्ट पुढे सरकलीच पाहिजे ही सक्ती उठल्यामुळे चित्रकाराला एखादे जग निव्वळ दाखवत बसण्याची मुभा मिळाली, आणि माझ्या मते या मासिकाचा सारा प्रभाव त्या मुभेतून आला. डॅन ओ’बॅनन यांनी लिहिलेली व मोबियस यांनी रेखाटलेली ‘द लाँग टुमॉरो’ ही छोटी गुप्तहेरकथा पाहावी : तळाला घाण आणि गर्दी, वर थरावर थर चढत गेलेले शहर. ‘ब्लेड रनर’ या चित्रपटातले शहर घडवताना दिग्दर्शक रिडली स्कॉट यांच्यासमोर ही चित्रे होती, हे त्यांनी स्वतः सांगितलेले आहे. जपानचे ॲनिमेशनपटकार हायाओ मियाझाकी यांनीही आपल्या ‘नाउशिका’वरचे ‘आर्झाक’चे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे.

परंतु त्याच ‘आर्झाक’च्या पहिल्या कथेत स्वाराला खिडकीतून एक विवस्त्र स्त्री दिसते, तिच्यासाठी तो एका माणसाला फास टाकून मारतो आणि नंतर तिचा चेहरा विद्रूप निघाल्यावर निघून जातो. याला विनोद म्हणणारे पुष्कळ आहेत. मला त्यात या मासिकाचे सगळे दुखणे दिसते. ग्रह, याने, यंत्रे, किडे यांच्याबाबतीत अफाट धावणारी कल्पना स्त्रीपाशी आली की उघड्या अंगावरच अडखळते. चित्रकार रिचर्ड कॉर्बेन यांचे ‘डेन’ रंगांसाठी दहादा पाहावे, पण त्यातल्या स्त्रिया मातीच्या मूर्तीइतक्याच बोलक्या आहेत.

ही तक्रार बाहेरच्या सोवळ्या मंडळींचीच होती असे नाही. शांताल मोंतेलिए आणि निकोल क्लावेलू या दोघी ‘मेताल युर्लां’च्याच पानांवर काम करत होत्या, आणि जानेवारी १९८५मध्ये फ्लोराँस सेस्ताक व जान प्युशोल यांच्यासह त्यांनी ‘ल मोंद’ या दैनिकात फ्रेंच चित्रकथा-नियतकालिकांतल्या स्त्रीद्वेषाविरुद्ध जाहीर निवेदन दिले. ‘मेताल युर्लां’च्याच प्रकाशनसंस्थेने १९७६मध्ये स्त्री चित्रकारांसाठी ‘आ! नाना’ हे नियतकालिक काढले होते. अल्पवयीनांना विकण्यास बंदी आल्यावर ते नऊ अंकांत, १९७८मध्ये बंद पडले. पुरुषांचे ‘मेताल युर्लां’ मात्र १९८७पर्यंत चालले.

अमेरिकी आवृत्तीचा आणखी एक दोष म्हणजे तोडातोड. लांब फ्रेंच कथा तुकड्यांत येतात, इंग्रजी भाषांतर ताठर वाटते, आणि मधला एक अंक हुकला की सूत्र हरवते. १९७९च्या सुमारास संपादक टेड व्हाइट यांनी रॉक संगीत, विज्ञानकथा वगैरेंवर स्तंभ सुरू केले. ते आज चाळण्यापुरतेच. १९८६मध्ये मासिक त्रैमासिक झाले आणि १९९२मध्ये ‘निंजा टर्टल्स’च्या दोन जनकांपैकी केव्हिन ईस्टमन यांनी ते विकत घेतले. त्यांच्या काळातले जे चारपाच अंक मी पाहिले, त्यांत मुखपृष्ठावरची तरुणी तेवढी ठळक होती. आत नवे असे फारसे आढळले नाही.

तेव्हा १९७७ ते १९७९चे अंक मिळाल्यास घ्यावेत, क्लावेलू किंवा मोंतेलिए असतील तर किमतीची घासाघीस न करता घ्यावेत, आणि १९९०नंतरचे रद्दीच्या भावाने मिळाले तरच. घरात मुले असतील तर वरच्या फळीवर ठेवावेत. दुकानदार कितीही घाई करो, पैसे देण्याआधी मधल्या पिना उघडून पाने मोजून घ्यावीत.