थंडी ओळखणारा प्लग: दोन हिवाळ्यांनंतर

मी काटोलची. संत्र्याच्या बागेत वाढलेली, त्यामुळे अमेरिकेत एडिसनला घर घेतल्यावर अंगणात लिंबाच्या जातीचं काहीतरी हवंच होतं. पण न्यू जर्सीत एखादी रात्र उणे १५ सेल्सिअसची निघते. आपलं संत्रं तिथे टिकणार नाही, म्हणून युझूचं, म्हणजे थंडी सोसणाऱ्या एका आंबट लिंबूवर्गीय फळाचं, कलम लावलं. तेही साधारण उणे १० पर्यंतच तग धरतं. उरलेले पाच अंश ह्या प्लगच्या भरवशावर.

प्लग मुठीत मावेल एवढा. हवा ३५ फॅरनहाइटला, म्हणजे २ सेल्सिअसच्या आसपास उतरली की वीज सुरू, ४५ ला बंद. बटण नाही, अ‍ॅप नाही. आल्या आल्या वीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवला आणि टेबललॅम्प लावून बघितला. पेटला! प्लगला ख्रिसमसची माळ जोडून ती झाडावर सोडायची, पण जुन्या तारेच्या बल्बांची: २५ बल्ब, प्रत्येकी ७ वॅट. एलईडीचा नुसता उजेड पडतो, ऊब शून्य. पहिल्या वर्षी मी तोच शहाणपणा करून बसले होते. वरून पांढरं फ्रॉस्टचं कापड, थेट जमिनीपर्यंत. प्लग कापडाच्या आतच ठेवा, पण बल्बांना खेटून नको, नाहीतर त्यांच्याच उबेने बंद पडतो.

दादाने व्हिडिओ कॉलवर बघितलं. "कायले लाइटिंग केली वं झाडाले? लगन हाय का?"

तक्रार एकच. वीज गेली तर हा काही कळवत नाही. जानेवारीत पावसाने बाहेरचं सॉकेट ट्रिप झालं, मी गाढ झोपेत. शेंड्याची पानं वाळून फांदीलाच चिकटून राहिली, तेव्हाच समजले की त्या फांद्या गेल्या. खालची पानं मात्र गळून पडली. पान गळालं की फांदीत जीव असतो. एप्रिलमध्ये नखाने साल खरवडली तर आत हिरवीगार. कलमाच्या जोडावर माती चढवून ठेवली होती, तीही उपयोगी पडली. कलम ज्या मुळाच्या झाडावर बांधतात तो खुंट आमच्याकडे जंबेरी लिंबाचा, इथे ट्रायफोलिएट नावाच्या त्रिदली रानटी संत्र्याचा. तो उणे २० सुद्धा सोसतो, पण फळ कडूजहर. त्याचे तीन-तीन पानांचे काटेरी धुमारे दिसतील तसे मी काढून टाकले.

पाचपैकी चार तारे. आता झोपण्याआधी स्वयंपाकघराच्या खिडकीतून कापडाआडचा उजेड बघते आणि मगच वर जाते.