बायोगॅस शुद्धीकरण : पाण्याचा स्क्रबर की सूक्ष्म शैवालाचे तळे?

आमच्या गोठ्यावरील बायोगॅस शुद्ध करण्यासाठी म्हणजे त्यातील मिथेन ठेवून कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड काढून टाकण्यासाठी, आधी दाबाखालच्या पाण्याचा स्क्रबर (पाण्याने गॅस धुणारा उभा स्तंभ) होता, आता सूक्ष्म शैवालाचे तळे आहे. दोन्हींच्या बाजूने बोलता येते आणि प्रत्येकाची गरज वेगळी असते, हे आधीच मान्य करतो.

पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिथेनपेक्षा सुमारे 25 पट अधिक विरघळतो. या गुणावर चालणारा स्क्रबर थोड्या जागेत, रात्री आणि भर पावसाळ्यातही सारखेच काम देतो. गॅस वाहनासाठी विकायचा असेल, तर आयएस 16087 या बायोगॅसच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान 90 टक्के मिथेन आणि 0.5 टक्क्याच्या आत ऑक्सिजन लागतो. तेथे मी स्क्रबरच सुचवेन.

माझा निर्णय मात्र हायड्रोजन सल्फाइडने केला. स्क्रबरचे पाणी पुन्हा वापरण्यासाठी त्यातून हवा सोडावी लागते आणि त्या हवेबरोबर कुजक्या अंड्यांचा वास नेमका धारांच्या वेळी गोठ्यात पसरतो. उरलेल्या गंधकाचा पिवळसर थर स्तंभातील पॅकिंगवर (पाणी आणि गॅस नीट भेटावेत म्हणून भरलेल्या तुकड्यांवर) बसतो, गॅसची वाट अडते आणि स्तंभ उघडून धुण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आधी लोखंडी किसाची गाळणी बसवली की त्रास कमी होतो, पण तो कीसही वरचेवर बदलावा लागतो.

शैवालाच्या पद्धतीत तळ्यातील अल्कधर्मी पाणी वेगळ्या स्तंभात गॅसला भेटते. कार्बन डायऑक्साइडचे बायकार्बोनेट होते, ते शैवाल उन्हात वापरते आणि पाण्याचा सामू (पीएच) पुन्हा 9 ते 10 कडे चढतो. शैवालाने सोडलेल्या ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू सल्फाइडचे सल्फेट करतात, त्यामुळे आमच्याकडे तो वास जवळजवळ राहिलेला नाही. स्पेनमधील व्हायादोलिद विद्यापीठात याच रचनेवर बरेच संशोधन झाले आहे. स्तंभ मात्र वेगळाच हवा, कारण गॅस थेट शैवालात सोडल्यास मिथेनमध्ये ऑक्सिजन मिसळतो आणि ते धोक्याचे आहे.

जागा हा मोठा अडसर आहे. रोजच्या 50 घनमीटर बायोगॅसमधील सगळा कार्बन डायऑक्साइड शैवालानेच खायचा म्हटले, तर कागदावर दहाएक गुंठे तळे लागते. ढगाळ आठवड्यात शुद्धता उतरते, हेही खरे. मात्र पाण्याची अल्कता (आम्ल पचवण्याची क्षमता) चांगली राखली, तर रात्र बहुधा निभावते. ज्यांचा गॅस जनरेटर किंवा भट्टीसाठी जातो आणि ज्यांच्याकडे गोठ्यालगत पडीक तुकडा आहे, त्यांनी आधी तळ्याचा विचार करावा, असे मला वाटते. स्लरीचे गाळलेले पाणी शैवालाचे खत होते आणि काढलेले शैवाल पुन्हा डायजेस्टरमध्ये (बायोगॅस तयार होणाऱ्या टाकीत) घालता येते.