मुंबईची एक्स्पोर्ट पार्टी म्हणून कोणी केळी न्यायला आलं तर आधी हे वाचा

मी भांडुपला राहतो, काका रावेर तालुक्यात केळी करतात, अडीच एकर, साडेतीन हजाराच्या आसपास झाडं. त्यांचे चार लाखाच्या वर बुडालेत आणि ज्या पद्धतीने बुडवले ती पद्धत अजून चालू आहे म्हणून सविस्तर लिहितोय.

टिश्यूची म्हणजे लॅबमध्ये तयार केलेली रोपं, ड्रिप, खतं, घडांना पिशव्या, सगळा खर्च आधी करायचा आणि हातात पैसा अकरा-बारा महिन्यांनी, त्यात गावच्या शेती सोसायटीचं पीककर्ज डोक्यावर. आणि घड तयार झाला की थांबत नाही, उन्हाळ्यात तर नाहीच, झाडावर पिवळा पडायला लागला की बाहेरचा व्यापारी हात लावत नाही. शेतकऱ्याची ही घाई या लोकांना पक्की माहीत असते.

हा माणूस आला तो कॅलिपर घेऊन. दुसऱ्या फणीतलं मधलं केळं धरून जाडी मोजली, म्हणजे धंद्यातलाच. कार्डावर वाशीचा पत्ता. बाजार समितीच्या जाहीर भावापेक्षा क्विंटलला दोनशे जास्त देतो म्हणाला. आता गावातले व्यापारी जाहीर भावसुद्धा पूर्ण देत नाहीत, काही ना काही कापतातच, मग असा माणूस कोणाला नको असेल? पहिली छोटी पिकअप गेली, पैसे संध्याकाळी खात्यात. खरी खेळी हीच आहे. पुढच्या आठवड्यात दोन ट्रक भरले, बारा-बारा टन, अठराशेच्या भावाने, आणि या वेळी पुढच्या तारखेचे चेक दिले. दोन्ही बाउन्स, फोन बंद. काट्याच्या पावतीवर फक्त गाडी नंबर आणि वजन, घेणाऱ्याचं नावच नाही.

मी वाशीला त्या पत्त्यावर जाऊन आलो. तिथे क्रेटवाल्याचं दुकान, तो म्हणाला दादा तुमच्या आधीपण शेतकरी येऊन गेलेत. फळं-भाजीपाला 2016 ला नियमनमुक्त झाल्यापासून बांधावरच्या खरेदीला समितीचं लायसन लागत नाही, त्यामुळे समितीनेही हात वर केले.

गाडी हलायच्या आधी पूर्ण पैसे खात्यात घ्या, पहिली खेप कितीही चोख असू दे. मुंबईचा पत्ता दिला असेल तर इथल्या नातेवाइकाला आधी तिथे पाठवा, एक लोकलचं तिकीट लागतं. पावतीवर घेणाऱ्याचं नाव आणि सही घ्या. चेक परत आलाच तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेली पाहिजे, मग त्याला पैसे द्यायला 15 दिवस, आणि तरी दिले नाहीत तर महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. आमची नोटीस पत्त्यावर कोणी नाही म्हणून परत आली, वकील म्हणाले तरी केस टाकायची, टाकलीये.

आणि त्याच माणसाचा दुसरा नंबर आता करमाळ्याकडे फिरतोय असं कळलंय, तोच जाहीर भावापेक्षा दोनशे जास्तचा मेसेज. तिकडे कोणी केळीवाला ओळखीचा असेल तर आजच फोन करा.