खोडणे सोसणारा कागद: वर्गात वापरलेल्या हातकागदाविषयी

उजनी धरणाच्या फुगवट्यालगतच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते. १९८० साली धरण पूर्ण झाले आणि भीमाकाठची अनेक गावे यशवंतसागर जलाशयाखाली गेली. जुने पळसदेव त्यांपैकीच एक असून, उन्हाळ्यात पाणी बरेच ओसरले की तेथील प्राचीन मंदिर आजही उघडे पडते. यंदा आठवीच्या ३२ मुलांना मी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्यांच्या जुन्या गावातील एक जागा चितारायला सांगितली. त्यासाठी जो हातकागद वापरला, त्याचा हा अनुभव आहे.

सुरुवात साध्या चित्रकलावहीच्या कागदावर केली होती आणि ती फसली. एलिमेंटरी परीक्षेच्या स्मरणचित्रात बाजार किंवा जत्रा काढताना मुलांना कोणी चूक दाखवत नाही. येथे मात्र चित्र रोज घरी जात असे आणि विहीर दाराच्या डाव्या हाताला नव्हती, गोठ्याच्या मागे होती, असे आजीने सांगितले की दुसऱ्या दिवशी ते खोडण्यासाठी परत येत असे. तिसऱ्या दुरुस्तीला कागदाचा पापुद्रा सुटू लागला आणि चौथ्या दुरुस्तीला काहींच्या चित्रांना भोके पडली.

म्हणून पुण्यातील एका दुकानातून ३०० जीएसएमचे (म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचे), २२ बाय ३० इंचांचे हातकागदाचे आठ ताव आणले आणि प्रत्येक मुलाला पाव ताव दिला. पुण्याला या कागदाची जुनी परंपरा आहे. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९४० साली शिवाजीनगरला हातकागद संस्था सुरू झाली. हा कागद सुती कापडाच्या चिंध्यांच्या लगद्यापासून होतो. सुताचे लांब तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने त्याला बळ येते, आणि लाकडाच्या लगद्यातील लिग्निन त्यात नसल्याने स्वस्त कागदाप्रमाणे तो लवकर पिवळा पडत नाही. हे कळल्यावर मुलांनी आजीच्या जुन्या लुगड्याचाही असा कागद होईल का, असे विचारले. लुगडे सुती असेल तर होईल, असे मी सांगितले आणि पुढचा अर्धा तास त्याच गप्पांत गेला.

खोडण्याच्या बाबतीत हा कागद पूर्ण खरा उतरला. कोळशाची रेघ मऊ कापडाने झटकली आणि वर खोडरबर फिरवले, तरी सात-आठ दुरुस्त्यांपर्यंत पृष्ठभाग टिकला. रेघ पूर्णपणे जात नाही, तिची पुसट छाया मागे राहते. एरवी मी याला दोष म्हटले असते, पण या कामात तीच छाया मोलाची ठरली. एका मुलीच्या आजी-आजोबांचे जुन्या घराचे दार कोणत्या दिशेला होते यावर एकमत झाले नाही. तिच्या चित्रात पूर्वेचे दार ठळक आहे आणि उत्तरेचे दार त्याच्या शेजारी धूसर दिसते. ते तिने मुद्दाम तसेच ठेवले.

जलरंगांसाठी मात्र काळजी घ्यावी लागते. कागद पाणी भरपूर पितो आणि फुगतो, त्यामुळे चारही कडा चिकटपट्टीने फळीवर घट्ट बसवल्याशिवाय वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ हात, देऊ नये. आठ तावांपैकी दोन तावांना खळ, म्हणजे कागदाने पाणी लगेच शोषू नये म्हणून दिलेला लेप, नीट बसलेली नव्हती. त्यांवर शाईची रेघ पसरली आणि जलाशयाचा निळा रंग काठावरच्या घरांत शिरला. त्या आठ मुलांना मी ऑइल पेस्टल दिले. खरखरीत बाजूवर पेस्टल सुंदर धरतो. बारीक पेनाचे टोक मात्र तेथे अडखळते, म्हणून ज्यांना कौले आणि दगडी जोते तपशिलाने काढायचे होते, त्यांना मी गुळगुळीत बाजू वापरायला लावली.

किंमत साध्या ड्रॉइंग पेपरच्या कितीतरी पट आहे आणि गावाकडच्या शाळेला ती जड जाते. कच्च्या आराखड्यांसाठी पाठकोरे कागद वापरावेत आणि जागा थोडीफार निश्चित झाल्यावरच हातकागद हाती द्यावा, असे मी सुचवेन. खरेदी करताना दुकानदाराला विचारून तावाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून पाहावा. तो लगेच जिरला, तर खळ कमी आहे असे समजावे. ही परीक्षा मी या वेळी केली नव्हती. पुढील वर्षीच्या वर्गासाठी ताव आणताना प्रत्येक गठ्ठ्यावर करणार आहे.