अण्णांची बुलेट चॉपर करायला दिली, परत आली ती दुसरीच

अण्णांची १९८६ ची बुलेट मी चॉपर, म्हणजे कापून-जोडून लांब फोर्कची गाडी, करायला दिली, तेव्हा सोबत आरसी बुक आणि रोख साठ हजारही दिले. नऊ महिन्यांनी जी गाडी परत मिळाली, तिची चेसिस आमची नव्हती. हे सगळं लिहितोय, कारण घरातली जुनी बुलेट घेऊन याच वाटेला निघालेली दोन पोरं मला गेल्या महिन्यात भेटली.

चॉपरचं वेड मला कॉलेजपासून. पुढे लांब झेपावलेले फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, शेंगेसारखी छोटी पीनट टाकी, मागे सीटला पाठ टेकायचा उंच सिसी बार. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पोरांनी जड गाड्यांचे मडगार्ड आणि नको ते सगळं कापून टाकायला सुरुवात केली, साठच्या दशकात कॅलिफोर्नियात थेट फ्रेमलाच करवत लागली, आणि त्यातून ही गाडी घडली. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ या गाजलेल्या अमेरिकन सिनेमातल्या चॉपर ज्यांनी घडवल्या, त्या बेन हार्डी आणि क्लिफ वॉझ या कृष्णवर्णीय कारागिरांची नावं पडद्यावर आलीच नाहीत. ही गोष्ट मी मित्रांना तळमळीने सांगायचो. पण पुण्यातल्या त्या गॅरेजवाल्याने मोबाइलवर एकाहून एक देखण्या चॉपर दाखवल्या, तेव्हा या कोणाच्या हातच्या, हे विचारायचं मला सुचलं नाही. आज ते फोटो पाहतो तर एकाही गाडीला पुढची नंबर प्लेट नाही. आपल्या रस्त्यावरच्या गाड्या नव्हत्याच त्या.

सौदा एक लाख ऐंशी हजारांचा. बिल नाही, करार नाही. “दादा, टेन्शन घेऊ नका, आरटीओ पासिंग आपल्याकडे लागलं,” म्हणून आरसी बुक ठेवून घेतलं. असं पासिंग कुणी खासगीत करून देऊ शकत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. आता कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मालकाला, म्हणजे मला. हे मी पैसे दिल्यावर वाचलं.

तीन महिन्यांची मुदत होती. मी फोन केला की टाकीचा फोटो यायचा. लाल रंग, त्यावर सोनेरी ज्वाळा, काम खरंच सुंदर. फ्रेमचा फोटो मागितला की “पावडर कोटिंगला गेलीय.” मी टाकीवर भुलत राहिलो.

चॉपरमध्ये सगळा जीव मानेत असतो. हँडल ज्या नळीत फिरतं ती मान. तिचा तिरकेपणा, म्हणजे रेक, वाढवायला फ्रेम कापून पुन्हा वेल्ड करावी लागते. रेक वाढला की ट्रेल, म्हणजे मानेची रेषा जमिनीला जिथे मिळते तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर, वाढतो, गाडी सरळ रस्त्यावर ठाम चालते, पण हळू चालवताना हँडल जड होऊन एका अंगाला पडतं. नुसते फोर्क लांबवले आणि मान तशीच ठेवली, तर गाडीचं तोंड वर उचललं जातं. दोन्हीचा हिशोब एकत्र बसवावा लागतो. आणि बुलेटचा चेसिस नंबरही त्या मानेवरच ठोकलेला असतो.

गाडी घेऊन अण्णांना दाखवायला साताऱ्याला निघालो. कात्रजचा घाट उतरताना पन्नासच्या आसपास हँडल असं थडथडलं की दोन्ही पाय रस्त्यावर टेकवत, खडीवरून घसरत थांबलो. टेम्पोत घालून गाडी घरी नेली. अण्णांच्या ओळखीच्या मिस्त्रीकाकांनी खिशातून चुंबक काढलं आणि मानेला लावलं. चिकटलं नाही. चार बोटं खाली लावलं, टपकन चिकटलं. पॉलिश पेपरने रंग घासला तर आत बोटभर जाड लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली, आणि तिच्याखाली भोकाभोकांचं वेल्डिंग. फोर्कच्या नळ्याही अखंड नव्हत्या, वरून जोडतुकडे पिळून लांबवलेल्या.

“नंबर बघ,” काका म्हणाले. आकडे वरखाली, हाताने ठोकलेले. अण्णा आत गेले आणि विम्याची जुनी फाइल घेऊन आले. तिच्यात चेसिस नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला छाप सेलोटेपखाली जपलेला होता. शेजारी धरला. आकडे तेच, पण आमच्या छापातला तीन वरून सपाट, गाडीवरचा गोल. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी छाप परत फाइलमध्ये ठेवला.

आमची अख्खी फ्रेम, मूळ टाकी, दोन पायलट दिव्यांचं ते हेडलाइटचं कवच, सगळं विकलं गेलं असणार. गॅरेजवाल्याला विचारलं तर म्हणाला, “भंगार होतं भाऊ, तुम्हीच टाका म्हणालात.” मी असं कधीच म्हणालो नव्हतो, पण तसं दाखवायला माझ्याकडे कागदाचा एक कपटाही नव्हता. आरसी बुक अजून त्याच्याकडेच आहे.

त्या दोन पोरांना मी इतकंच सांगितलं: गाडी देण्याआधी चेसिस आणि इंजिन नंबरचा छाप स्वतः काढा, फोटोही काढा. निघालेला प्रत्येक जुना पार्ट घरी आणा. आरसी बुक कोणाकडेही सोडू नका. मानेचं वेल्डिंग उघड्या लोखंडावर स्वतः बघितल्याशिवाय रंगाचा हप्ता देऊ नका. आणि बदल कायदेशीर करून देतो म्हणणाऱ्याकडे आरटीओचं लेखी पत्र मागा.

पोलिसांत अर्ज दिलाय. चेसिस नंबर बदललेली गाडी माझ्या दारात आहे, हे लपवलं तर मीच अडकेन, म्हणून तेही लिहून दिलं. अण्णांच्या छापाची प्रत अर्जाला जोडली. गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे, तिला हात लावू नका असं सांगितलंय.